आजीला ऐकू येईल असा बझर

अल मनखूल, दुबई
शुक्रवार, २४ ऑक्टोबर २०२५

डबा परत आला. झाकणाची चिकटपट्टीसुद्धा काढली नाहीस. शेजारच्या सगुणाचा नवरा दर शनिवारी कामाला रास अल खैमाला जातो म्हणून त्याच्या हाती पाठवला होता. बिचारा तसाच घेऊन परत आला आणि दारात उभा राहून म्हणाला, "आजी, निनाद नको म्हणाला." मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. चूक त्याची नव्हती, पण राग कुणावर तरी काढायचा होता.

डब्यात होतं तरी काय? मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी. यंदा घरात तळण नाही, दिवाळी नाही, एवढं मला कळतं. लोकांनी फराळ आणून दिला तो ओट्यावर तसाच पडलाय, तुझी आई त्याकडे बघत नाही. पण मेतकुटाला कसलं सुतक? भातावर घालून खाल्लं असतंस तर तुझा राग काही कमी झाला नसता.

आता रीत म्हणून लिहिते. चि. निनाद यास आजीचा आशीर्वाद. हा काही डबा नाही परत पाठवायला.

तू फोन उचलत नाहीस. तुझी बहीण अवनी म्हणाली, "आजी, जस्ट सेंड अ व्हॉइस नोट." सात पाठवल्या. तू ऐकतोस की नाही तेही कळत नाही, त्या निळ्या खुणा तू बंद करून ठेवल्यास म्हणे. म्हणून कागद. माझी चौथीपर्यंतची अक्षरं आहेत, ऱ्हस्व-दीर्घ बघत बसू नकोस. तुझ्या लहानपणी मीच तुला दुपारी मांडीवर घेऊन अ-आ गिरवायला लावलं होतं, नाहीतर ह्या गावात वाढलेल्या किती पोरांना आजीचं पत्र वाचता येतं?

तुझ्या बापाला जाऊन दोन महिने होतील. त्याचं सगळं करून तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तू बॅग भरलीस. कॉलेजचं शेवटचं वर्ष सोडलंस आणि टाइल्सच्या गोदामात पेट्या मोजायला लागलास. इथून गाडीने सव्वा तासाचं अंतर. अमेरिकेत गेला असतास तर लोकांना सांगायला तरी बरं वाटलं असतं.

मला ठाऊक आहे तू माझ्यामुळे गेलास. तेराव्याला चार माणसांसमोर मी म्हणाले, पोराच्या खेळण्यावर जीव सोपवला आणि जीव गेला. म्हणाले खरी. माझी जीभ तुला नवी आहे का? तुझी आई तर हॉस्पिटलातच तुला विचारून बसली होती, "तुझा बझर का नाही वाजला?" ती शुद्धीवर नव्हती. मी होते.

पोलिसांना सांगितलं तेच तुलाही सांगते. मी बाजूच्या सीटवर होते, मांडीवर गणपतीची मूर्ती होती, माझं लक्ष मूर्तीकडे होतं. मला काही ऐकू आलं नाही. माझे कान कसे आहेत ते तुला माहीत आहे.

आणखी एक. माझा व्हिसा तुझ्या बापाच्या नावावर होता. तो गेला तसा व्हिसाही खलास. वासुदेवने, तुझ्या बापाच्या मित्राने, खेटे घालून मुदत मागून घेतली आहे. बारा डिसेंबरला माझं विमान. मिरजेला भावाकडे जाईन. त्याच्या आत एकदा येऊन जा. माझ्यासाठी नको येऊस. तुझी आई सकाळी ऑफिसला जाते, संध्याकाळी येते, आणि मधल्या बोलण्यात "हो" आणि "नाही" एवढेच दोन शब्द वापरते. अवनी पंधरा वर्षांची पोर, तिने दोघींचं मौन किती सांभाळायचं?

डबा पुन्हा पाठवते आहे. चटणी महिनाभर टिकते.

— आजी


अल मनखूल
शुक्रवार, ७ नोव्हेंबर

डबा पुन्हा परत. बरं.

आज घरात कुणी नाही. ओट्यावर बसून लिहिते आहे, कारण टेबलावर तुझ्या बापाचे कागद अजून पसरलेले आहेत आणि तुझी आई ते कुणाला हलवू देत नाही. त्यात त्या गाडीचं पुस्तकही आहे. चित्रांचं. कुठला स्क्रू कुठे, सगळं काढून दाखवलेलं. समासात पेन्सिलीने तुझं अक्षर आणि त्याचं अक्षर. एका पानावर त्याने लिहिलंय, "निनादला विचारणे." मी ते पान मिटलं.

ती गाडी पेट्यांतून आली तेव्हा मी केवढी हसले होते. चार वर्षं झाली. इंग्लंडहून तीन लाकडी पेट्या आल्या, वासुदेवच्या अल कूझच्या शेडमध्ये उतरवल्या, आणि तुझा बाप मला दाखवायला घेऊन गेला, नवी सून दाखवावी तसा. आत नळ्या, पत्रे, वायरी. मी म्हटलं, "गुणवंता, लोक तयार गाडी घेतात रे. तू काय कणकेपासून करणार?" तो म्हणाला, "आई, पोळ्या तरी तू बाहेरून आणतेस का?"  

आठवडाभर एसीच्या कंपनीत लोकांच्या तक्रारी ऐकायचा आणि सुट्टीला तुला घेऊन शेडमध्ये. तुझी आई म्हणायची, "नवरा आणि मुलगा दोघं एकाच बाईने पळवले, आणि ती पत्र्याची आहे." घामाने निथळत यायचात दोघं, काळे हात, आणि जेवताना वायरींवरून भांडायचात. तू इंग्लिशमध्ये, तो मराठीत. मला त्यातलं "फ्यूज" एवढंच कळायचं. पण दोघं एकाच ताटातली भाजी घ्यायचात, ते मी बघायचे.

मग टेस्टिंगवाल्यांनी ती दोनदा परत पाठवली. तिसऱ्यांदा पास झाली आणि जुलैत मुल्किया, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं कार्ड, हातात आलं. तुझ्या बापाने ते कार्ड देवासमोर ठेवलं. मी म्हटलं, देवाला गाडीची कागदपत्रं कशाला, त्याचा उंदीर बिनाकागदाचा चालतो.

आणि पहिल्याच दिवशी तो खटक्याचा घोळ. दुसऱ्यांच्या गाडीत वळून चाक सरळ केलं की सिग्नलची दांडी आपली आपण जागेवर येते. ह्या गाडीत दांडीच नव्हती, साधा खटका होता, घरातल्या बटणासारखा. चालू केला तर माणसाने आठवणीने बंद करायचा. आणि इंजिनाचा आवाज असा की आतली टिकटिक मेली तरी ऐकू येत नाही. तुझा बाप अल खैल रोडवर डावीकडचा दिवा लुकलुकवत सरळ चाललाय, तू मागून आईच्या गाडीत हॉर्न वाजवतोयस. घरी आल्यावर तू दारातूनच ओरडलास, "बाबा, यू वेअर टर्निंग लेफ्ट फॉर फोर किलोमीटर्स!"

तो म्हणाला, "वळायचं मनात होतं रे, गल्लीच सापडली नाही."

तू हसला नाहीस. तू म्हणालास, "समवन विल बिलीव्ह दॅट लाइट, बाबा." मला अवनीने अर्थ सांगितला. कुणीतरी त्या दिव्यावर विश्वास ठेवेल.

मग तू ड्रॅगन मार्टमधून तो बझर आणलास. अठरा दिरहम, म्हणजे चारशे तीस रुपये, एवढ्याशा काळ्या डबीचे. बाटलीच्या बुचाएवढी, मधोमध भोक. सिग्नल चालू राहून वीस सेकंद झाली की ओरडणार, बंद करेपर्यंत ओरडत राहणार. वायरी उजवीकडून जात होत्या म्हणून बाजूच्या सीटपुढे, खाली, गुडघ्याजवळ बसवलास.

आणि मला शेडमध्ये नेऊन त्या सीटवर बसवलंस. इंजिन चालू. "आजी, वाजलं की हात वर कर." पहिला बझर, मी ढिम्म. दुसरा, काही नाही. तुझा बाप म्हणाला, "अरे, तिला प्रेशर कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत, तिच्यावर कसली परीक्षा घेतोस?" तू म्हणालास, "म्हणूनच." तिसरा लावलास आणि मी सीटवरून उडाले. कानात सुई घातल्यासारखा. मी तुला शिवी दिली, कुठली ते लिहीत नाही. तू टाळी वाजवून "यल्ला, पास!" म्हणालास. तुझा बाप म्हणाला, "हिला ऐकू आला म्हणजे अबू धाबीपर्यंत गेला."

आजीला ऐकू येईल असा बझर. घरात त्याचं नावच ते पडलं.

एवढं लिहून झाल्यावर पान फाडावंसं वाटलं. मागच्या पत्रात मी काय लिहिलं होतं ते मला आठवतंय. तुलाही आठवत असेल. राहू दे, फाडत नाही. कागद महाग झालाय.

— आजी


अल मनखूल
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

तुझं उत्तर मिळालं. अवनीच्या फोनवर आलं, तिने मला वाचून दाखवलं, मग मराठीत सांगितलं, मग माझ्याकडे न बघता आत गेली. "टेल आजी टू स्टॉप. आय नो व्हॉट आय डिड."

मी काय केलं ते मला माहीत आहे, असं.

काय माहीत आहे तुला? तुझा सोल्डरचा डाग सुटला? वायर निघाली? वीस सेकंद मोजण्यात चूक झाली? वासुदेव सांगत होता, अपघातानंतर तू शेडमध्ये एकटाच गेलास, गाडीवरची ताडपत्री एका कोपऱ्यातून वर केलीस, आणि पाच मिनिटांत परत आलास. हात लावला नाहीस.  लावला असतास हात तर.

आणि आता तू त्याला निरोप दिलास की गाडी भंगारात काढा. तो मला विचारायला आला. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला, "काकू, निनाद म्हणतो तेच बरं. डोळ्यासमोर नको. पुढच्या आठवड्यात माणूस येईल, उचलून नेईल, दाबून टाकतील."

खरं सांगू? मला बरं वाटलं. क्षणभर नाही, चांगलं दोन दिवस. दाबून टाकतील, बारा तारखेला मी विमानात बसेन, मिरजेला उतरेन, आणि कुणाला कधी काही कळणार नाही. दोन दिवस मला जेवण गेलं. छायाला वाटलं सासू सावरली. तिने मला आणखी एक पोळी वाढली.

ती पोळी मी ताटात तशीच ठेवून उठले.

काल मी वासुदेवला फोन करून सांगितलं, थांब. का म्हणून विचारलं त्याने. मी म्हटलं, मी सांगते म्हणून. तो थांबला आहे.

तू म्हणतोस बंद करा. मी बंद करणार नाही. माझ्याकडे एक पत्र अजून आहे आणि ते लिहायला मला हिंमत जमवावी लागते आहे, जी मी आयुष्यात कधी जमवली नाही. मला ती नेहमी आयती असायची.

— आजी


अल मनखूल
शुक्रवार, ५ डिसेंबर

निनाद,

हे पत्र बसून वाच. गोदामात उभ्याने वाचू नकोस.

मंगळवारी सगळीकडे राष्ट्रीय दिनाची सुट्टी होती. रस्त्यावर झेंडे लावलेल्या गाड्या, हॉर्न. मी अवनीला म्हटलं, मला अल कूझला घेऊन चल. ती म्हणाली, "आजी, व्हाय?" मी म्हटलं, मुलाची गाडी बघायची आहे. टॅक्सीने गेलो. वासुदेवने शेड उघडून दिली आणि बाहेर सिगारेट ओढत उभा राहिला, शहाणा माणूस.

ताडपत्री अवनीने ओढली. डावी बाजू तू पाहिली आहेस, ती लिहीत नाही. उजवी बाजू जशीच्या तशी. माझी सीट. सीटवर माझ्या चष्म्याची काच सापडली.

मी अवनीला म्हटलं, खाली वाक, गुडघ्याजवळ तुझ्या दादाची काळी डबी आहे, ती बघ. तिने फोनचा दिवा लावला.  मग तिने बोटाने काहीतरी उपसून काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"आजी, व्हॉट इज धिस?"

कापूस. घट्ट दाबून बसवलेला, आणि त्यावर कुंकवाची लाल टिकली.

कापूस देवाच्या घरात कशाला लागतो ते तुला माहीत आहे. गेजवस्त्र. कापसाचे मणी ओढायचे, मधे कुंकवाचं बोट लावायचं, देवाला माळ घालायची. इथल्या दुकानांत तयार मिळतात, पण मी आयुष्यात विकतची घातली नाहीत. त्या दिवशी, चतुर्थीच्या आदल्या दिवशी, तुझा बाप अर्धी सुट्टी काढून घरी आला आणि म्हणाला, "आई, आपल्या गाडीचा पहिला मान बाप्पाचा. चल, तूच मूर्ती मांडीवर घे." ऑगस्टचं ऊन, त्या गाडीला एसी नाही, मी आधी नाही म्हटलं. मग गेले. मुलगा बोलावतो आणि त्रेपन्नाव्या वर्षी त्याचं तोंड सात वर्षांच्या पोरासारखं होतं, तेव्हा आई जाते.

बर दुबईत मूर्ती घेतली. तिथून सरळ घरी यायचं, तर म्हणाला, आधी इंटरनॅशनल सिटीला जाऊन येऊ, तिथे एकाला मोदकाचे साचे द्यायचे आहेत. खरं म्हणजे त्याला गाडी चालवायची होती. माझ्या मांडीवर मूर्ती, मूर्तीच्या पायाशी कापसाची पिशवी. सिग्नलला उभं राहिलं की मी एकेक मणी ओढत होते. अर्धी माळ गाडीतच झाली.

आणि तुझा तो बझर. गर्दी होती. वळायला म्हणून खटका चालू करायचा, गाड्या पुढे सरकायच्या नाहीत, वीस सेकंद झाली की सुरू. माझ्या गुडघ्याशी. कानात सुई. दर सिग्नलला. मी "सुखकर्ता" म्हणत होते, प्रत्येक कडव्यात तो ओरडायचा. चार वेळा झालं. पाचव्या वेळी मी म्हटलं, "देवाला घरी नेतोय की रुग्णवाहिकेत बसवलाय?" आणि हातातला कापूस, कुंकू लावलेला, घेतला आणि त्याच्या भोकात कोंबला. अंगठ्याने दाबला. गप्प झाला.

तुझा बाप हसला. मोठ्याने हसला. म्हणाला, "आई, तू म्हणजे धन्य आहेस. घरी पोचलं की काढ हं, नाहीतर निनाद ओरडेल."

हे त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं. त्यात तुझं नाव होतं. तो हसून सोडून देत होता हे मी तुला माझं ओझं हलकं व्हावं म्हणून सांगत नाही. तुझ्या बापाने मला आयुष्यात कशाला नाही म्हटलं नाही. हे मला माहीत होतं, म्हणूनच तर कोंबला.

पुढचं तू ऐकलं आहेस. इंटरनॅशनल सिटीतल्या दुहेरी रस्त्यावर पुढे बस थांबली, त्याने डावा खटका लावला, बस ओलांडली, परत आपल्या बाजूला आला. खटका तसाच. पुढे डावीकडे गल्ली. गल्लीच्या तोंडाशी पाण्याच्या बाटल्यांची गाडी, ती बाहेर आली आणि आपल्या डाव्या बाजूवर आदळली. तिचा पठाण ड्रायव्हर रस्त्यावर बसून रडत हेच सांगत होता, "अम्मा, इंडिकेटर मारा था, मैं समझा अंदर आएगा." त्याने दिव्यावर विश्वास ठेवला. तू म्हणाला होतास तसा. एव्हाना अंधार पडला होता. आपली गाडी अर्धी चेपली होती, तरी तो दिवा चालूच होता. त्या उजेडात मी तुझ्या बापाचं तोंड बघत होते. पिवळं, काळोख, पिवळं, काळोख.

मूर्तीला एक ओरखडा नाही. माझा डावा हात मोडला आणि मूर्ती मांडीवर तशीच. सुतकात ती बसवता येत नव्हती, सगुणा तिच्या घरी घेऊन गेली. माझी अर्धी माळ घातलेली तशीच नेली तिने.

हॉस्पिटलात तुझ्या आईने तुला विचारलं, तुझा बझर का नाही वाजला. तू भिंतीला टेकलास.  म्हणालास, "आय टेस्टेड इट. आई, आय टेस्टेड इट." मी समोर बाकावर होते, हाताला ओलं प्लास्टर. एक वाक्य बोलायचं होतं. मी डोळे मिटून घेतले. नर्सला वाटलं दुखतंय.

का नाही बोलले? मुलगा गेला होता. वाटलं, आता सून तोंड बघणार नाही, मी कुठे जाऊ? हे खरं कारण. दुसरं बनवून सांगता येईल, पण बनवणार नाही. तू तरुण आहेस, विसरशील, असंही वाटलं. आणि तेराव्याला लोक कुजबुजत होते, कसं झालं, सिग्नल कसा राहिला, आणि सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत माझ्याकडे येतील असं मला वाटायला लागलं. म्हणून मी आधीच बोट दाखवलं. तुझ्याकडे. पोराच्या खेळण्यावर जीव सोपवला. तू त्या खोलीतून बाहेर गेलास ते मी पाठमोरं बघितलं.

तर अवनी कापूस धरून उभी. तिला मी कालपर्यंत लहान समजत होते. तिला सगळं सांगितलं, तिथेच, शेडमध्ये. ती ओरडली नाही. रडलीही नाही. तिने वासुदेवला आत बोलावलं, गाडीची बॅटरी गेली होती म्हणून दुसरी आणायला लावली, दोन वायरी जोडल्या. तू तिला शिकवलं होतंस ना? मग डावा खटका चालू केला. आम्ही तिघं उभे. ती बोटांवर मोजत होती. वीसला वाजला.

निनाद, वाजला. जसाच्या तसा. तुझा डाग सुटला नव्हता, वायर निघाली नव्हती, तुझ्या मोजणीत एका सेकंदाची चूक नव्हती. सगळ्या शेडमध्ये घुमला. अवनीने तो बंद केला नाही. वासुदेव म्हणाला, "बेटा, बस." तिने ऐकलं नाही. माझ्याकडे बघत उभी राहिली आणि वाजू दिला. मी हात वर केला. तू त्या दिवशी सांगितलं होतंस तसा, ऐकू आलं की हात वर कर. मग तिने खटका बंद केला.

घरी येऊन तुझ्या आईला मीच सांगितलं. अवनीला सांगू दिलं नाही. छाया ओट्याशी उभी होती. पाठ माझ्याकडे. मी बोलत होते तोवर ती एकच वाटी धूत राहिली. झाल्यावर नळ बंद केला, म्हणाली, "आई, तुम्ही माझ्या पोराला तीन महिने..." आणि वाक्य सोडून आत गेली. त्या दिवसापासून माझं ताट वाढून ठेवते, झाकून ठेवते. जेवायला समोर बसत नाही. ताट वाढते हेच पुष्कळ झालं. मी तिच्या जागी असते तर वाढलं नसतं.

पण तिसऱ्या दिवशी तिने टेबलावरचे कागद आवरले. फक्त गाडीचं पुस्तक बाहेर ठेवलं. त्या पानावर उघडं. निनादला विचारणे. काल रात्रीपासून फोन जवळ ठेवून बसते, करत नाही. तिला वाटतं तिने विचारलेल्या त्या एका प्रश्नानंतर तिला तुझ्याशी बोलायचा हक्क राहिला नाही. असल्या गोष्टीत ती माझ्याहून चांगली आहे, म्हणून तो हक्क अजून आहे हे तिला लवकर कळणार नाही.

सगुणाच्या नवऱ्याकडे पुन्हा डबा दिला आहे. तोच. ह्या वेळी त्यात चटणी नाही. तुझी काळी डबी आहे, अवनीने सोडवून दिली, वायरींना चिकटपट्टी लावून. साध्या बॅटरीवर वाजते म्हणाली. वाजवून बघ. एकदा तरी स्वतःच्या कानाने ऐक.

कापूस मी ठेवून घेतला आहे. तो माझा आहे.

वासुदेवला सांगितलंय, गाडी भंगारात काढायची नाही, निनाद सांगेपर्यंत. तू म्हणालास तर काढेल, नाही म्हणालास तर ताडपत्रीखाली राहील. तुझी आहे.

बारा तारखेला मी जाते. विमानतळावर येऊ नकोस. माफी मागत नाही, कारण मागितली तर तू देशील, तू बापावर गेलास, नाही म्हणता येत नाही तुला.

ह्या पत्राचं उत्तर मला पाठवायचं नाही. उत्तर तुझ्या आईला द्यायचं. अवनीच्या फोनवर नाही, वासुदेवच्या तोंडून नाही, डबा परत पाठवून तर मुळीच नाही. तू स्वतः, दारात उभं राहून, तुझ्या तोंडाने. तिने विचारलं होतं, बझर का नाही वाजला. तिला जाऊन सांग, वाजतो.